रविवारचं रोस्ट, सोमवारचं धुणं



गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका महिला मेळाव्याला गेले होते. आधी हळदीकुंकू, मग पाककृती स्पर्धा आणि शेवटी एका पाहुण्यांचं व्याख्यान असा बेत होता. विषय ‘सुखी संसार आणि सकस आहार’. पाहुणे इंग्लंडला मुलाकडे दोनदा जाऊन आलेले. ते म्हणाले, “तिकडची बाई काय करते? पाव भाजते, डबा फोडून त्यावर घेवड्याचे दाणे ओतते, झालं जेवण! मग घरं मोडणार नाहीत तर काय? आपल्या माता-भगिनी पहाटे उठून चार पदार्थ रांधतात, म्हणून आपले संसार टिकून आहेत.” टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. पहाटे उठून, घरातल्या सगळ्यांचं रांधून-वाढून, भांडी आवरून आलेल्या.

प्रश्नोत्तरांना वेळ ठेवलेला नव्हता. म्हणून जे तिथे बोलता आलं नाही, ते इथे लिहिते आहे.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर दोन वर्षं मी उत्तर इंग्लंडातल्या एका शहरात, नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडावं लागलेल्या बायकांच्या निवाऱ्यात काम केलं. त्यांच्याबरोबर बटाटे सोलले, भांडी विसळली, रात्री उशिरापर्यंत चहा पीत बोलत बसले. तिकडचं जेवण अळणी, उकडलेलं, बेचव आहे असं आपण सगळे म्हणतो. मीही म्हणत असे. पण त्या स्वयंपाकघरात बसल्यावर कळलं की चवीचा प्रश्न फार मागे राहतो. ते जेवण कोण रांधतं, कोणासाठी, कोणाच्या घड्याळाप्रमाणे आणि शेवटी तिच्या ताटात काय उरतं, हे प्रश्न आधी येतात.

तिकडच्या बाईला स्वयंपाकाचं काम नाही, हा पहिला गैरसमज. कामगारवस्तीतल्या घराचा जुना आठवडा मांडून बघू. रविवारी दुपारी रोस्ट. म्हणजे मांसाचा मोठा तुकडा भट्टीत भाजायचा, त्याच्याच चरबीत बटाटे भाजायचे, कोबी-गाजरं उकडायची, मांसातून गळलेल्या रसाची ग्रेव्ही करायची. यॉर्कशरमध्ये मैदा, अंडं आणि दुधाचं फुगवलेलं पुडिंग ग्रेव्हीबरोबर आधी वाढत. पोट त्यानंच निम्मं भरलं की मांस कमी लागतं, हा त्यातला हिशेब. ज्यांच्या घरी भट्टी नव्हती, त्या बायका पाववाल्याला पैसे देऊन त्याच्या भट्टीत आपलं मांस भाजून आणत.

सोमवारी रविवारचं उरलेलं मांस थंडच वाढायचं. का? सोमवार धुण्याचा. पाणी भरायचं, तांब्याच्या मोठ्या हंड्याखाली जाळ घालायचा, चादरी उकळायच्या, घुसळायच्या, पिळायच्या. त्या दिवशी चूल धुण्याला दिलेली आणि बाईही. म्हणून उरलेले बटाटे आणि कोबी तव्यावर परतायचे. त्याला ‘बबल अँड स्क्वीक’ असं गमतीदार नाव. मंगळवारी इस्त्री. मांसाचे राहिलेले तुकडे बारीक करायचे, वर कुसकरलेल्या बटाट्याचा थर द्यायचा की झाला ‘शेफर्ड्स पाय’. मग हाडांचं सूप. पगाराचा दिवस जवळ येईपर्यंत पाव आणि त्यावर रोस्टमधून गळलेली, थिजलेली चरबी.

पाककृतींच्या पुस्तकांत याला ‘इंग्लंडचं पारंपरिक भोजन’ म्हणतात. मला त्यात एका बाईच्या दोन हातांचं वेळापत्रक दिसतं. एक तुकडा मांस चार दिवस पुरवण्याची तिची हिकमत दिसते. परंपरा म्हणून ज्याचा गौरव होतो, ते बऱ्याचदा बाईचं न मोजलेलं कामच असतं. आपल्याकडे शिळ्या भाकरीचा कुस्करा आणि फोडणीची पोळी याच हिकमतीतून आली ना?

श्रीमंतांच्या घरचं वेगळं. अंडी, बेकन, मूत्रपिंडं, मासे असा भरगच्च न्याहारीचा थाट तिथे असे. पण तो मांडण्यासाठी उजाडायच्या आत उठून चूल पेटवणारी मोलकरीणही बाईच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात बायकांना सर्वांत जास्त रोजगार देणारा व्यवसाय कुठला होता? गिरणी नव्हे, दुसऱ्याच्या घरचं घरकाम. इंग्रज गृहिणीचा आदर्श म्हणून मिसेस बीटन यांचं घरव्यवस्थेवरचं १८६१ सालचं जाडजूड पुस्तक दाखवलं जातं. नावावरून वाटतं, कुणी पोक्त, अनुभवी आजीबाई असतील. प्रत्यक्षात इझाबेला बीटन १८६५ मध्ये वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, चौथ्या बाळंतपणानंतर तापानं गेल्या. त्यांच्या पुस्तकानं पिढ्यान्‌पिढ्या बायकांना सुगृहिणी व्हायला शिकवलं. पण त्यांच्या स्वतःच्या मरणातून कुणी काय शिकलं?

आता दुसरा प्रश्न. रांधलेलं खाल्लं कोणी?

लंडनच्या लँबेथ भागात १९०९ पासून काही वर्षं फेबियन विमेन्स ग्रुपच्या बायका कामगारांच्या घरी दर आठवड्याला जात होत्या. तिथल्या गृहिणींकडून त्यांनी घरखर्चाचे हिशेब लिहून घेतले. मॉड पेंबर रीव्ह्ज यांनी १९१३ मध्ये त्याचं पुस्तक केलं, ‘राउंड अबाउट अ पाउंड अ वीक’. ही घरं दारुड्यांची नव्हती. आठवड्याला पाउंडाच्या आसपास मिळवणाऱ्या सरळमार्गी कामगारांची होती. भाडं, कोळसा, गॅस आणि घरातलं कुणी गेलं तर पुरण्याच्या खर्चासाठी विम्याचा हप्ता, एवढं देऊन जे उरे ते अन्नाचं. त्यातलं मांस मुख्यतः नवऱ्याला. तो राबला तर घर चालणार, हे खरंच होतं. आई आणि मुलांच्या वाट्याला पाव, बटाटे, चरबी आणि चहा. त्या चहाची पानं तेव्हा आसामच्या मळ्यांत आपल्या मजूर बायका खुडत होत्या, हेही लक्षात ठेवू.

त्या पुस्तकातली एक गोष्ट मी आमच्या शिबिरांत नेहमी सांगते. सुखवस्तू समाजसेविका लँबेथच्या आयांना म्हणत, मुलांना पाव कसला देता? ओटची लापशी द्या, स्वस्त आणि पौष्टिक. बायका मान डोलवत आणि करत नसत. मग म्हणायचं, या अडाणी, आळशी. खरं कारण काय होतं? घरात एकच जुनं पातेलं, त्यातच सगळं शिजणार. लापशी ढवळत उभं राहायला वेळ नाही. ती खाली लागते, करपते. वर घालायला दूध-साखर नाही. करपलेली, बिनदुधाची लापशी मुलं तोंडातही धरत नसत. पाव शिजवावा लागत नाही, भांडं लागत नाही, मूल हातात घेऊन फिरू शकतं. ती आई अडाणी नव्हती. तिचा हिशेब त्या समाजसेविकेपेक्षा पक्का होता.

मी स्वतः समाजकार्यातली. कुपोषणाच्या भागात जाऊन मीही आयांना ‘हिरव्या भाज्या द्या, अंडी द्या’ सांगत आले. पातेली किती आहेत, हे विचारायला मला दोन-तीन वर्षं लागली. म्हणून ही गोष्ट मला बोचते.

पुढे १९३९ मध्ये मार्जरी स्प्रिंग राइस यांचं ‘वर्किंग-क्लास वाइव्ह्ज’ प्रसिद्ध झालं. त्यात १२५० विवाहित बायकांच्या तब्येतीची पाहणी आहे. रक्तक्षय, डोकेदुखी, पाठदुखी, किडलेले दात. बाई सगळ्यांना वाढून मग उभ्याउभ्या खाते, अंगावर दुखणं काढते, डॉक्टरकडे स्वतःसाठी जात नाही. हे वाचताना पानावरचं गाव लँकेशर आहे की लातूर, हा प्रश्न पडतो. महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्तक्षय आढळला. चार पदार्थ रांधणाऱ्या माता-भगिनींना टाळ्या देणाऱ्या पाहुण्यांनी त्यांच्या रक्ताचा आकडा एकदा विचारावा.

कुणी म्हणेल, हे गरिबीचं झालं, पोटभर मिळायला लागल्यावर सुटलं असेल. निकी चार्ल्स आणि मॅरियन केर यांनी १९८० नंतरच्या वर्षांत उत्तर इंग्लंडातल्या लहान मुलं असलेल्या २०० बायकांशी बोलून अभ्यास केला. १९८८ मध्ये तो पुस्तकरूपानं आला. तोवर घरात फ्रीज होता, मांस होतं. तरी ‘खरं जेवण’ म्हणजे मांस, बटाटे, भाजी, ग्रेव्ही, आणि तेही नवरा कामावरून येईल तेव्हा. मोठा तुकडा त्याच्या ताटात. त्याला जे आवडत नाही ते घरात होत नाही. तिला काय आवडतं, हे तिलाच पटकन सांगता येत नव्हतं.

आणि जेवण त्याच्या मनासारखं झालं नाही तर?

आमच्या निवाऱ्यात साठीच्या घरातली एक बाई आली होती. मला ‘लव्ह’ म्हणायची, तिकडे उत्तरेत कुणालाही म्हणतात तसं; आपल्याकडे ‘बाळा’ म्हणतो तसंच. चौतीस वर्षं तिनं दर रविवारी एकच्या ठोक्याला रोस्ट मांडलं. ग्रेव्हीत गुठळी झाली, बटाटे कुरकुरीत नसले, पाच मिनिटं उशीर झाला, की ताट भिंतीवर. भिंतीवरचा डाग जाईना म्हणून तिनं कागद बदलला होता. एकदा नव्हे, तीनदा. शेजाऱ्यांना सांगायची, ओल आली. निवाऱ्यातल्या पहिल्या रविवारी तिनं मला विचारलं, “इथे जेवण किती वाजता लागतं?” मी म्हटलं, “तुम्हाला भूक लागेल तेव्हा.” ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली.

हा एकटीचा अनुभव नाही. स्कॉटलंडमध्ये डोबॅश दांपत्यानं मार खाल्लेल्या बायकांच्या मुलाखती घेऊन १९७९ मध्ये जो अभ्यास मांडला, त्यात मारहाणीआधीच्या भांडणांत स्वयंपाक आणि घरकाम हे कारण ठळकपणे दिसलं. जेवण वेळेवर नाही, गरम नाही, हवं ते नाही. आपल्या सल्लागार केंद्रांतली टिपणं काढून बघा. ‘भाजीत मीठ जास्त झालं म्हणून’ हे वाक्य आपण किती वेळा लिहून घेतलं आहे! कारण मीठ नसतं, ग्रेव्हीही नसते. ताट म्हणजे त्याच्या हक्काची रोजची हजेरी असते, आणि ती चुकली की शिक्षा.

म्हणून ‘स्वयंपाकामुळे संसार टिकतात’ या वाक्याला माझा सक्त विरोध आहे. इंग्लंडातही एकेकाळी संसार टिकत होते. कसे टिकत होते? १८५७ च्या कायद्यानं नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढ्यावर घटस्फोट मिळे. बायकोला मात्र त्याचा व्यभिचार पुरत नसे. त्याबरोबर क्रूरपणा, सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. ही तफावत १९२३ मध्ये गेली. केवळ क्रूरपणा हे घटस्फोटाचं कारण व्हायला १९३७ चा कायदा यावा लागला. दार बाहेरून बंद होतं म्हणून बाई आत होती. आणि बंद दाराआड शिजणाऱ्या रोस्टच्या वासाला लोक ‘सुखी संसार’ म्हणत होते. दार उघडल्यावर बायका बाहेर पडल्या, तर दोष कोणाला? पाव भाजण्याला?

आता ‘बाहेरच्या खाण्या’कडे येऊ, कारण पाहुण्यांचा खरा राग त्यावर होता. तळलेला मासा आणि बटाट्याचे काप, फिश अँड चिप्स, हे आज इंग्लंडचं राष्ट्रीय खाणं म्हणून मिरवतं. साधारण १८६० नंतर त्याची दुकानं सुरू झाली आणि लँकेशरच्या कापडगिरण्यांच्या गावांत ती गल्लोगल्ली पसरली. तिथे लग्न झालेल्या बायकाही मोठ्या संख्येनं गिरणीत जात. दिवसभर मागावर उभं राहून आल्यावर कागदात बांधलेला गरम मासा मिळणं म्हणजे तिच्यासाठी दोन तासांची सुटका. आणि तेव्हाचे डॉक्टर, धर्मोपदेशक, सुधारक काय म्हणत? या आळशी बायका, यांना स्वयंपाक येत नाही, पैसे उधळतात, पोरांची पोटं बिघडवतात. गिरणीला तिचे दहा तास हवे होते, त्याला कुणाची हरकत नव्हती. तिनं त्यातले दोन तास चुलीपासून वाचवले, त्याला हरकत होती.

गिरणी आणि जेवण यांचं नातं आपल्यालाही माहीत आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरून एकटे आलेले कामगार खाणावळीत जेवत, आणि त्या खाणावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा त्या बायकांचं रांधणं ‘घरकाम’ नसून धंदा आहे, त्याला बँकेचं कर्ज मिळालं पाहिजे, हे पहिल्यांदा ठणकावून सांगितलं गेलं. बाईनं फुकट रांधलं की ती अन्नपूर्णा, पैसे मागितले की धंदेवाली, विकत आणलं की आळशी. लँकेशरचा न्याय आणि गिरणगावचा न्याय एकच आहे.

मग उपाय काय? इंग्लंडच्या इतिहासातच त्याचं उत्तर आहे, आणि ते कुठल्याही पाककृतीत नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारला कारखान्यांत बायका हव्या होत्या. तेव्हा एका रात्रीत कळलं की स्वयंपाक ही सार्वजनिक बाबही होऊ शकते! जानेवारी १९४० पासून शिधावाटप आलं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना दूध, संत्र्याचा रस, कॉडलिव्हर तेल वेगळं मिळू लागलं. नगरपालिकांनी ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ नावाची स्वस्त भोजनगृहं उघडली; १९४३ पर्यंत ती दोन हजारांहून जास्त झाली. शाळेत जेवण आलं, १९४६ पासून मुलांना फुकट दूध आलं. मांस कमी, लोणी कमी, साखर कमी, आणि तरी गरिबांच्या घरातलं पोषण सुधारलं. कारण वाटा घरातल्या पुरुषाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. अर्थात, आपल्या वाट्याचं मांस नवऱ्याच्या ताटात सरकवणाऱ्या बायका तेव्हाही होत्या. शिधापत्रिकेवर नाव आलं तरी मनातली सवय लगेच जात नाही.

आणि पैसा? एलिनॉर रॅथबोन या खासदार बाईंनी पाव शतक एकच मागणी लावून धरली: मुलांसाठीचा भत्ता आईच्या हातात द्या. १९४५ मध्ये कायदा आला, तेव्हा मूळ मसुद्यात तो बापाला द्यायचा होता. रॅथबोन सभागृहात अडून बसल्या आणि तो आईच्या नावे करून घेतला. दुसऱ्या मुलापासून पुढे, दर मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग. रक्कम लहान, पण नवऱ्यापुढे हात न पसरता आलेली.

हे सगळं टिकलं का? युद्ध संपल्यावर बहुतेक भोजनगृहं काही वर्षांत बंद पडली. १९७१ मध्ये सात वर्षांवरील मुलांचं फुकट दूध मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना बंद झालं. १९८० च्या कायद्यानं शाळेतल्या जेवणाची बंधनं सैल केली. एप्रिल २०१७ मध्ये तर तिसऱ्या मुलापासून सरकारी मदत नाकारणारा नियम आला. त्यातून सूट हवी असेल, तर ते मूल बलात्कारातून झालं हे बाईनं सरकारला कळवावं, अशी तरतूद होती. मुलाच्या घासासाठी बाईनं आपली जखम अर्जात लिहायची! बायकांच्या संघटना आणि इतरांनी वर्षानुवर्षं लढल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारला हा नियम रद्द करण्याची घोषणा करावी लागली. प्रत्येक वेळी सरकारनं चुलीवरून हात काढला, की तो भार मुकाट्यानं कोणाच्या अंगावर गेला, हे सांगायला हवं का?

आता आपल्याकडे वळते, कारण दुसऱ्याच्या घरातलं बोलून टाळ्या मिळवणं सोपं आहे. आपल्या चळवळीच्या शिबिरांत भाकऱ्या कोण थापतं? संयुक्त मोर्चाची आखणी चालू असताना चहा ठेवायला कोण उठतं? माझ्या स्वतःच्या घरी आई अजून सगळ्यांत शेवटी जेवते, आणि ‘आई, तू बस’ एवढं म्हणून मी माझं कर्तव्य झालं असं मानते. उठून वाढत नाही. हे लिहिताना लाज वाटते, म्हणूनच लिहिते आहे.

स्वयंपाक करू नका, असं माझं म्हणणं नाही. हातानं रांधून चार माणसांना खाऊ घालण्यात आनंद आहे, तो मलाही आहे. पण जे नाकारण्याची सोय नाही, त्याला आनंद म्हणू नये. म्हणून आपल्या गटांच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आठ दिवसांचा हिशेब मांडावा: काय शिजलं, कोणाच्या आवडीचं, कोण कधी जेवलं, माझ्या ताटात काय आलं, आणि मी बसून जेवले की उभ्यानं. अंगणवाडीचा आहार, शाळेतली खिचडी, रेशन या आपल्या मागण्या या हिशेबातून उभ्या राहिल्या पाहिजेत. अंगणवाडीताई आणि खिचडी शिजवणाऱ्या बाईचं मानधन हीही त्याच यादीतली मागणी, कारण सरकारी चुलीवरही बाईलाच स्वस्तात राबवलं जातं.

त्या निवाऱ्यातल्या बाईचं सांगायचं राहिलं. त्या रविवारी संध्याकाळी सहाला तिनं दोन पाव भाजले, घेवड्याच्या दाण्यांचा डबा फोडून गरम केला, वर ओतला. ताट घेऊन खिडकीजवळ बसली आणि सावकाश, गरम असताना, सगळं संपवलं. चौतीस वर्षांत तिनं स्वतःसाठी केलेलं ते पहिलं जेवण, असं तीच म्हणाली.

पाहुण्यांनी व्याख्यानात ज्याची टिंगल केली, ते हेच जेवण. पुढच्या मेळाव्यात कुणी अशी टिंगल केली, तर टाळ्या वाजवू नका. उठून उभ्या राहा आणि विचारा, “तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं?”